निरवांगीच्या खविसाला विचारलेले प्रश्न

मी बोलतोय, पण आधी तुमचा मोबाईल जरा लांब ठेवा. लांब म्हणजे लांब, खिशात नको. मोबाईल जवळ आला की माझे दिवे आपोआप पेटतात आणि मग तुम्ही म्हणणार, "बघा, आलं!" काही आलेलं नसतं. माझा आता कुणावर विश्वासच उरलेला नाही, तुमच्यावरही नाही. राग मानू नका.

मी एक मीटर आहे. हातात मावणारी काळी डबी, वर ओळीनं दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत. जवळच्या तारेतून करंट वाहत असला की माझे दिवे लागतात. करंट वाढला की मी लालाकडं सरकतो. मला जन्माला घातलं ते वायरिंग तपासायला. पण ऑनलाईन विकताना कुणीतरी माझ्या फोटोखाली लिहिलं, "भूत शोधणारं यंत्र". झालं! माझ्या नशिबी ज्ञानेश आला.

ज्ञानेशचं बारामतीत मोबाईलचं दुकान आहे आणि यूट्यूबवर भुताखेतांचा चॅनल. माणूस अगदीच वाईट म्हणवत नाही. मला पुसून ठेवतो, माझे सेल वेळेवर बदलतो. पण जाईल तिथं मला जमिनीवर ठेवणार आणि विचारणार, "इथं कोणी असेल तर लाल दिवा लाव." पणदऱ्याला एका बंद खोलीत मी पेटलो, तर याच्या अंगावर शहारे. अहो, भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा फ्रिज होता! तेव्हापासून मी संशयी झालो. जो तो मला प्रश्न विचारतो, पण उत्तर घरूनच ठरवून आलेला असतो.

मग निरवांगीहून झुंबरआबांचा फोन आला. त्यांची दुभती म्हैस गोठ्यातल्या हौदापाशी उभ्या उभ्या कोसळून मेली होती. त्यानंतर त्यांची सून संजीवनी तिथं पाणी भरायला गेली की झटका बसून तिचा हात मागं फेकला जायचा. आबांची बायको सिंधुबाई म्हणायच्या, हौदावर खवीस बसलाय आणि तो सुनेच्या मागं मागं सुप्याहून, तिच्या माहेराहून आलाय. खवीस म्हणजे साधंसुधं भूत नव्हे, चांगला दांडगा राक्षस. ज्ञानेशनं फोनवरच सल्ला दिला, "हौदाच्या बुडाशी रोज मिठाचं पाणी ओता." सिंधुबाई इमानदारीत ओतत राहिल्या आणि ओल्या जमिनीत झटके आणखी वाढले.

आम्ही पोचलो तेव्हा संजीवनीची पिशवी दारात भरून ठेवलेली होती.

"खविसानं हिचं नाव घेतलं तर आजच हिला सुप्याला सोडून येतो," आबा म्हणाले. "पोरगी हितंच ऱ्हाईल."

ती एवढीशी पोरगी आईच्या पदराला धरून उभी. नवरा जयवंता खाली मान घालून. म्हणजे एका लेकराला आई ठेवायची की नाही, हे माझ्या दिव्यांवर ठरणार होतं! मी फार घाबरलो.

"खवीस रात्रीच येत असंल ना?" ज्ञानेशनं विचारलं.

"न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "मागल्या आठवड्यात रातचा यायचा, ह्या आठवड्यात दिसाचा येतोय."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. हौदात पाणी ओढणाऱ्या मोटारीची लाईट मागल्या आठवड्यात रात्रीची होती, या आठवड्यात दिवसाची. पाळी लावून कामावर येणारा राक्षस मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

भर दुपारी, मोटार चालू असताना, ज्ञानेशनं मला हौदाच्या कठड्यावर ठेवलं, लोखंडी पाईपाला खेटून. कॅमेरा लावला, लिंबू कापलं आणि घसा ताणून हाक मारली, "ये! तुझ्याशी बोलायलाच आलोय! झुंबरआबांवर तुझा राग आहे का?"

मी लाल.

"डिस्टर्बन्स आहे. सगळ्यांनी मोबाईल बंद करा. सिंधुबाईंवर राग आहे का?"

मी लालच.

"थांबा, अजून मीटर सेट होतोय. सूनबाईंवर, संजीवनीवर राग आहे का?"

मी होतो तसाच, लाल.

"मिळालं! उत्तर मिळालं!"

अरे, मघापासून मी लालच आहे की! पण डबीला तोंड कुठलं? सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. आबांनी पिशवी उचलली.

"थांबा," संजीवनी म्हणाली. "तुमचं इचारून झालं. आता मी इचारते. क्यामेरा चालूच ऱ्हाऊ द्या."

ती भिंतीवरच्या स्टार्टरपाशी गेली आणि तिनं मोटार बंद केली. माझे दिवे विझले.

"खवीसदादा, मी तुला नको हाय का?"

मी गप्प.

"मग आबा नको हायती?"

मी गप्प.

तिनं मोटार चालू केली. पाईप थरथरला आणि मी झर्रकन लाल झालो.

"बघा! अजून म्या काय इचारलं बी न्हाय, आन् ह्यो बोलाय लागला," ती म्हणाली. "पायपात करंट उतरतोय, आबा. म्हस त्यानंच गेली. पहिला झटका बसला तवाच म्या सांगितलं हुतं. तुमी माझं ऐकलं न्हाय. डबीचं ऐकलं."

जयवंतानं धावत जाऊन मोटार बंद केली. आबांनी पिशवी खाली ठेवली.

"ऱ्हा बाई," ते पुटपुटले.

"आता व्हय?" संजीवनीनं पोरीला कडेवर घेतलं, पिशवी उचलली. "तुमी सोडायची गरज न्हाय. माझी मी जाते."

मला तिचा फार अभिमान वाटला. आणि गोठ्यातून बाहेर पडताना तिनं पोरीच्या खांद्याला डोळे पुसले, ते बघून जिवाला लागलंही.

व्हिडिओ आला. मी ड्रॉवरमधून ऐकत होतो. "उत्तर मिळालं!" इथंच संपला. वर नाव दिलेलं, "निरवांगीच्या खविसानं सुनेचं नाव घेतलं". तो सुप्यालाही पोचला. तिच्या आळीतल्या बायका तिच्या पोरीला आपल्या पोरांत खेळू देईनात. मला ज्ञानेशचा इतका संताप आला की करंट नसतानाही पेटावंसं वाटलं.

काल झुंबरआबा दुकानात आले.

"वायर बदलली," ते म्हणाले. "न्यायला गेल्तो. ती म्हणती, जगानं अर्धं बघितलंय. उरल्यालं दावा, मग येते."

"आबा, उरलेल्यात खवीसच न्हाय," ज्ञानेश हसला. "ते कोण बघणार?"

आबांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"म्या बघतो. लाव. म्या तितं हुतो, पर बघितलं न्हवतं."

ज्ञानेशनं लावलं. संजीवनीचा आवाज आला, मोटार बंद पडल्याचा आवाज आला. ते संपलं. मग आबा उठले आणि निघून गेले.

ज्ञानेश अजून ते उरलेलं उघडून बसलाय. चॅनलवर टाकेल की पुसून टाकेल, सांगता येत नाही. मला त्याचा काडीचा भरवसा नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. तो अर्धा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला तर पुढं पाठवू नका. संजीवनीला घरी परत यायचंय. आणि तिचं नाव कुणीही घेतलेलं नाही हो. खविसानं नाही आणि मी तर नाहीच नाही.