कंसातला हशा

प्रश्नोत्तराचा तास हा लोकशाहीचा श्वास आहे, असं सभागृहाच्या मुख्य दारावर हातभर अक्षरांत कोरलेलं आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि कामकाज चालू असेतो उघडंच ठेवावं लागतं, त्यामुळे ती अक्षरं दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी असतात. भिंतीला एव्हाना पाठ झाली असतील. माणसांपैकी कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

त्या दारातून सरळ पुढे आलं, की सत्ताधारी आणि विरोधी बाकांच्या अगदी मधोमध एक बुटकं टेबल लागतं. कंसमामा तिथे बसत. सभागृहात जे बोललं जाईल ते शब्दन्‌शब्द टिपायचं, हे त्यांचं काम. असे सहा वृत्तलेखक होते आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदले. पण बोललेलं काय, कुणीही टिपील. जे बोललं जात नाही आणि तरी घडतं, ते कंसात लिहावं लागतं, आणि त्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. (हशा), (बाके वाजवली जातात), (गदारोळ). पन्नास माणसं एकदम उठून ओरडू लागली, की हा खरा गदारोळ आहे की नुसतीच घसा मोकळा करण्याची हौस, हे त्यांना पहिल्या तीन सेकंदांत कळे. म्हणून कंस, आणि पिकलेल्या मिशांमुळे मामा. पुराणातल्या कंसमामाला निदान भाचा तरी होता. यांना तोही नव्हता.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून संध्याकाळी कुलूप उघडल्यापासून सकाळी कुलूप लावेपर्यंत मामांच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि कानावर तर पडतच नसे. माणसांचा आवाज ऐकायचा तर बुटकं टेबल ही एकच जागा उरली होती. डावीकडून "चोर!" आणि उजवीकडून "तुम्ही महाचोर!" असं सुरू झालं, की मामांना गरम पांघरूण अंगावर ओढल्यासारखं वाटे. अधिवेशन संपलं की बाकीचे 'सुटलो एकदाचे' म्हणत. मामा टेबल आवरायला मुद्दाम वेळ लावत.

फक्त एक नियम होता. वृत्तलेखक सभागृहात बसतो, पण सभागृहात नसतो. त्याने मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही, हसायचं तर नाहीच. मागे एकजण भर सभेत खुदकन हसला, तर त्याला तळघरात छापील मजकूर तपासायला बसवलं. तळघरात एक खुर्ची, एक दिवा आणि कागद. बोलणारं कुणी नाही, ओरडणारं तर नाहीच नाही. मामांच्या निवृत्तीला आठ महिने होते. ते आठ महिने त्यांना टेबलापाशीच काढायचे होते. पुढचा सगळा जन्म शांततेतच जायचा होता, त्याची घाई नव्हती.

आणि मंगळवारी ते हसले.

झालं असं. विरोधी पक्षाच्या एक बाई होत्या, आवाज असा की ध्वनिक्षेपकाने लाजावं. त्यांनी पूलमंत्र्यांना विचारलं, "नदीवरच्या नव्या पुलाचं कंत्राट मंत्र्यांच्या सख्ख्या मेहुण्याला मिळालं, हे खरं आहे काय?"

पूलमंत्री उठले. घाम पुसला. "अध्यक्षमहाराज, मेहुण्याला नाही तर काय अनोळखी माणसाला द्यायचं? अनोळखी माणसावर कुणी विश्वास ठेवतं का?"

सभागृह क्षणभर चिडीचूप झालं. मंत्री चक्क खरं बोलले की काय, या धक्क्यातून दोन्ही बाजू सावरायच्या होत्या. त्या शांततेत मामांना अगदी जवळून दबक्या हसण्याचा आवाज आला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने हाताने लिहून टाकलं: (हशा). पुढच्या ओळीवर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हसणारे आपणच होतो. तेवढ्यात दहा मिनिटं भरली आणि पाळी बदलली. कागद छापायला गेला.

दुसऱ्या दिवशी गावभर बोंब. विरोधक म्हणाले, मंत्र्यांनी भर सभेत कबुली दिली. मंत्री म्हणाले, "कबुली कसली? गंमत केली मी. नोंद बघा, पुढे हशा आहे!" विरोधी बाई कडाडल्या, "हसलं कोण? आमच्या बाकांवर तर कुणी हसलेलं नाही!" सत्ताधारी बाकांवर विचारणा झाली. तिथले म्हणाले, मंत्र्यांना हसण्याची आमच्यात पद्धत नाही, निदान समोर तरी नाही. कॅमेरा बोलणाऱ्यावरच असतो, त्यामुळे त्यात फक्त मंत्र्यांचा घाम दिसत होता. शेवटी मंत्र्याची खुर्ची त्या दोन अक्षरांवर येऊन टेकली. नीतिमत्ता समितीने फर्मान काढलं: शुक्रवारी वृत्तलेखकाने हजर राहावं.

मधले दोन दिवस मामांच्या आयुष्यात लग्नघर अवतरलं. उपाहारगृहात ते कोपऱ्यात एकटे डबा खात, तिथे सत्ताधारी पक्षाचा प्रतोद, म्हणजे सगळ्या सदस्यांना हाकून मतदानाला आणणारा गडी, स्वतः दोन चहा घेऊन समोर येऊन बसला.

"मामा, तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे."

"दोनशे माणसं होती हो. दोन-चार तरी हसलीच असतील. आठवा जरा. मागच्या बाकांवर?"

"आठवतो."

"सावकाश आठवा. चहा गार होतोय."

मामांनी चहा सावकाश प्यायला. दीड वर्षात समोर बसून कुणी तब्येत विचारली नव्हती. विचारणाऱ्याला उत्तराशी देणंघेणं नव्हतं हे त्यांना समजत होतं, पण चहा गरम होता.

विरोधी बाईंनी जिन्यात गाठलं. "मामा, मी तुमची बाजू मागत नाही. कोण हसलं तेवढं सांगा. तुमच्या नोंदीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही."

हे मात्र मामांना लागलं. मागच्या बाकांवरचे दोन-चार म्हटलं, की मंत्री सुटणार, टेबल राहणार, कुणाला कानोकान खबर लागणार नाही. एकतीस वर्षांत एक खोटा कंस. पण त्या टेबलापाशी रोज दोन्ही बाजू एकमेकींना खोटारडे म्हणत, आणि त्यांच्या मधोमध बसलेला एकच माणूस असा होता की ज्याला कुणी खोटारडा म्हणत नसे. ते गेलं, तर टेबलापाशी उरणार कोण?

शुक्रवारी समिती बसली. तीन सत्ताधारी, तीन विरोधक, मधे जाड चष्म्याचे समितीप्रमुख. कोपऱ्यात नोंद घ्यायला नवी वृत्तलेखिका, नोकरीला लागून दोनच महिने झालेली.

"सांगा," प्रमुख म्हणाले. "हशा कुणाचा?"

"माझा, साहेब."

सहाही जण खुर्चीतून पुढे सरकले. मग सगळेच बोलू लागले.

"झालं तर!" एक सत्ताधारी टेबलावर हात आपटून म्हणाले. "माणूस हसला म्हणजे विनोद झाला. विनोद सिद्ध!"

"वृत्तलेखक सभागृहात नसतो," विरोधक म्हणाले. "नसलेला माणूस हसेल कसा?"

"मग नसलेल्या माणसाने लिहिलेली तुमची पाच वर्षांची भाषणंही नसलेलीच!"

"ती असती तरी तुम्ही कुठे ऐकली होती?"

प्रमुखांनी घंटी वाजवली. "तुम्हाला हसताना कुणी पाहिलं?"

"नाही साहेब."

"दोनशे सदस्य समोर होते."

"हो. पण माझ्याकडे कुणी बघत नाही."

"आणि शेजारी?"

"शेजारी कुणी नसतं."

"बरं, का हसलात? एवढं काय हसण्यासारखं होतं?"

मामांनी तोंड उघडलं. दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात जन्म गेला होता, स्वतःचं कुठून सुरू करावं ते उमगेना. पण एकदा सुरू झालं, ते थांबेना. आमच्या घरातला नळ हिच्या भावाने बसवला, ते म्हणाले. एकोणीस वर्षं गळतो. मी म्हणायचो, दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. तर ही म्हणायची, अनोळखी माणसाला नळाला हात लावू द्यायचा? अनोळखी माणसावर कुणी विश्वास ठेवतं का? अगदी ह्याच शब्दांत, साहेब, आणि अशीच, घाम पुसत…

तोवर उजवीकडून "मेहुण्यांचं समर्थन नोंदवून घ्या!" अशी आरोळी उठली होती, आणि डावीकडून "गळक्या कामाचाही पुरावा नोंदवून घ्या!" मग नियम कितवा यावरून दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. कुणीतरी पुस्तक आपटलं. मामा बोलतच होते. नळ मी अजून बदललेला नाही, ते म्हणत होते. घरात आवाज म्हणाल तर तेवढाच आहे. त्या दिवशी मंत्री बोलले आणि मला वाटलं, हीच बोलली. म्हणून हसलो.

घंटी जोरात वाजली. सगळे बसले. प्रमुखांनी निर्णय सांगितला: हशा काढून टाकावा. मंत्र्यांचं वाक्य तसंच राहू द्यावं, उघडं. मंत्र्यांचं काय करायचं ते वरिष्ठ पाहतील. वृत्तलेखकांनी खरं सांगितलं, याची समिती प्रशंसा करते. सोमवारपासून त्यांनी तळघरात बसावं.

खुर्च्या सरकल्या. दोन्ही बाजू बाहेर वाट पाहणाऱ्या कॅमेऱ्यांकडे धावल्या, आपलाच विजय झाला हे आधी कोण सांगतो म्हणून. प्रतोदाने मामांकडे पाहिलंही नाही. विरोधी बाई दारातून वळून काहीतरी बोलल्या, पण ते गर्दीत विरून गेलं. खोलीत मामा उरले, आणि कोपऱ्यात कागद जुळवत असलेली नवी मुलगी.

ती चाचरत जवळ आली.

"मामा, मामींचं जे सांगत होतात ना, ते माझं टिपायचं राहिलं. सगळे एकदम ओरडत होते, मग मी नुसतंच (गदारोळ) लिहिलं. पुन्हा सांगता? थोडक्यात सांगितलंत तरी चालेल."