नवसूच्या चपलेतला म

दोष नवसूचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी 'म्हातारं माणूस, जाऊ दे' म्हणायला नको.

मी म बोलतोय. पुस्तकातला नाही, फळ्यावरचाही नाही. रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेला, चार बोटं उंच, वरून पांढरा, खालून निळा.

म होण्याआधी मी नवसूच्या उजव्या पायाखाली होतो. धसईच्या बाजारात त्यानं ती चप्पल चारदा वाकवून, वास घेऊन मग घेतली. तीन वर्षं मी त्याचं वजन उचललं. शेणातून, काट्यांतून, मुरबाडच्या स्टँडवरच्या चिखलातून. टाचेला भोक पडलं तसं त्यानं मला गोठ्याच्या कौलावर भिरकावलं. तिथंच कुजलो असतो.

खाली उतरवलं दीपेशनं. दीपेश हा नवसूचा धाकटा मुलगा, वय एकोणीस, नववीत शाळा सुटलेला. सुटलेली म्हणजे सोडवलेली. गवत कापायच्या दिवसांत नवसू म्हणाला, "शिकून इथं कोण कलेक्टर झालाय? चल विळा घे." महिनाभरानं दीपेश परत वर्गात गेला तर फळ्यावरचं काहीच कळेना. मग तो गेलाच नाही.

दीपेशची बहीण पारू माहेरीच राहते, वाशिंदच्या कंपनीत कामाला जाते. तिची मुलगी वैष्णवी, सहा वर्षांची. येत्या जूनला पहिलीत जायची होती आणि पाटी दिसली की खाटेखाली शिरायची. का? तर नवसू तिला शिकवायला बसायचा. हातात निरगुडीचा फोक. स्वतःला एक अक्षर येत नाही, पण पोरीचं चुकलं हे मात्र या माणसाला बरोबर कळायचं!

"ही अशी शाळंत गेली तर माझ्यासारखीच परत येल," दीपेश पारूला म्हणाला. त्याच दुपारी त्यानं घरातल्या सगळ्या तुटक्या चपला गोळा केल्या आणि दाढीच्या पत्तीनं अक्षरं कापायला बसला. बोट दोनदा कापलं. बेचाळीस अक्षरं झाली. त्यांतला मी पहिला, आणि माझा कमरेचा बाक सगळ्यांत चांगला आलाय, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो.

खेळ असा, की प्रत्येक अक्षराला घर. क कोंबड्यांच्या डालग्याखाली, च चुलीजवळ, प पाट्यावर. वैष्णवीनं शोधून आणायचं आणि घराचं नाव ओरडायचं. मी मांजराचा. मांजराचं नाव मकू, आणि ते काही एका जागी बसत नाही. वैष्णवी मला त्याच्या पाठीवर ठेवायची, ते उधळलं की मागं धावायची, "म पळाला गो, म पळाला!" काना म्हणजे तुरीची काडी, ऊकार म्हणजे विळ्यासारखी वाकलेली काटकी. महिन्याभरात सोळा अक्षरं झाली. खाटेखाली जाणं बंद झालं. तिच्या अंगणात पाड्यातली आणखी पाच पोरं यायला लागली.

मग लंगडी आली. आम्हाला अंगणात मांडायचं, दीपेशनं अक्षर सांगायचं आणि पोरांनी एका पायावर जाऊन त्याच्यावर उभं राहायचं. पायाखाली राहण्याची सवय मला होतीच. पण नवसूच्या पायाखाली मी चप्पल होतो. या पोरीच्या पायाखाली मी म होतो. केवढा फरक आहे!

आणि नवसू शेतावरून आला.

"अक्षरावर पाय? विद्या हाय ती!" त्यानं मला उचलून कपाळाला लावलं. मग उलटं केलं, भोक बघितलं. "ही... ही माजी चप्पल?"

"उजवी," दीपेश म्हणाला.

"माज्या पायताणाची सरस्वती केलीस? दीडशहान्या, नववी नापास!"

"नापास नाय बा. नापास व्हायला परीक्षेला बसायला लागतं. तू बसू दिलंस?"

पोरं पांगली. नवसू खरंच घाबरला होता, एवढं मी मान्य करतो. दसऱ्याला पाटीपुढं तो पार जमिनीला डोकं टेकतो. पण वर्षातून एकदा हात जोडायचे आणि बाकीचे दिवस विद्येच्या नावानं पोरांना झोडायचं, ही कसली भक्ती? तिला पाय लागलेला याला चालत नाही. पोरीला फोक लागलेला चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, टहाळ, पातेरा अंथरून राब लावलेला होता. आमच्याकडं तो उन्हाळ्यात भाजतात, मग त्या राखेत रोपं तरारतात. नवसूनं आम्हा अक्षरांची पिशवी त्या राबात खुपसली आणि काडी लावली. पापाचं निवारण!

रबराचा काळा धूर बघून दीपेश धावला. आकडीनं पिशवी ओढली तोवर अकरा उरलो होतो. माझा उजवा पाय वितळून आखूड झाला. न, व, स, ग, द, सगळे गेले. ते अजून तिला शिकवायचेच होते.

वैष्णवी रडली नाही. मला वाटलं, संपलं, आता ही परत खाटेखाली जाणार. तिसऱ्या दिवशी राख थंड झाली, तशी ती एक काडी घेऊन बांधावर बसली. एका हातात मला धरून दुसऱ्या हातानं राखेत ओढायला लागली.

"राखंत कोन रेघा मारतंय रे?" नवसू ओरडत आला.

"रेघा नाय आजा, नावं हायत. ही पारू. हा मामा. आन् हा मकू."

आईचं, मामाचं, मांजराचं. सरळ, मोठी, कुणी न सांगता लिहिलेली. माझ्यासारख्या कापलेल्या रबराला ऊर असता तर भरून आला असता.

नवसू उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "माजं कुटं हाय?"

"तुजं नाय येत. त्याला न लागतो, व लागतो. मामा शिकवनार व्हता, तू जाळलास."

"मंग आता शीक."

"तू सांग मामाला."

नवसू उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मुलाकडं काही मागणं त्याला जमलं नाही.

आता वैष्णवी पहिलीत जाते, उड्या मारत जाते. मी तिच्या दप्तरात असतो, एका पायानं आखूड, तरी ताठ. आजोबांनो, काकांनो, पोरं खेळत असतील तर लांबून बघा. येत नसेल तर त्यांच्यात बसून शिका. लाज वाटत असेल तर निदान काडीपेटी खिशात ठेवा.

नातीनं जन्मात पहिल्यांदा नावं लिहिली, त्यांत मांजराचं होतं. नवसूचं नव्हतं.