शेवट सांगायचा नाय

टोकावड्याच्या एसटी थांब्यामागे, उंबराखाली आमचं वाचनमंडळ भरायचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी, कमळ, चिमी आणि हिरी. मुरबाडहून वक्तृत्वाची ढाल आणल्यापासून मला बोलायला समोर कुणीतरी लागायचंच, म्हणून मंडळ मीच काढलं. एकच पुस्तक चौघींनी आळीपाळीने वाचायचं आणि आपापलं मत द्यायचं. नियम एवढाच, की शेवट सांगायचा नाय. जी सांगायला जाईल तिची वेणी ओढायची.

पावसाळा सरता सरता शाळेच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी सापडली. पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. कमळने आधी वाचली. "नायिका लय रडते गो, पण भारी हाय." चिमीला नायक पटला नाही. "नुसता खोकत बसतो," म्हणाली.

मग हिरीची पाळी. हिरी पाड्यावरची, ओठ हलवत सावकाश वाचणारी. त्या शनिवारी तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"अक्षदा, शेवटाला ना..."

"ए, नियम," म्हणत कमळने तिची वेणी ओढली.

"अगो, ऐका तरी. त्यात आपला उंबर हाय."

"उंबर काय, कुठंपण असतो," चिमी म्हणाली. आम्ही हसलो. हिरी हसली नाही. एकटीच बांधाने पाड्याकडे निघाली.

ती घरी पोचलीच नाही. उभ्या भातातल्या बांधावर तिची एक चप्पल मिळाली. गावाने रान पालथं घातलं, पोलीस घाटापर्यंत जाऊन आले. दिवाळी गेली, भात कापून झालं, तरी हिरीचा पत्ता नाही.

पुस्तक माझ्याकडेच होतं. परवा हिंमत केली आणि भर दुपारी ओटीवर बसून वाचून काढलं. समोर आई तांदूळ पाखडत होती म्हणून बरं. शेवटी नायिका उंबराखाली मैत्रिणींना काहीतरी सांगायला जाते. त्या तिला गप्प करतात. ती एकटी घरी निघते, मागे पावलं वाजतात, ती वळून बघते. पुढचं पान कोरं. त्या नायिकेच्या दप्तराला हिरवा गोंडा होता. माझ्या दप्तराला आहे, तसाच.

आज शनिवार. उंबराखाली आम्ही तिघीच.

"मला शेवट सांगायचाय," मी म्हणाले.

कमळचा हात सवयीने माझ्या वेणीकडे आला. "त्यात काय सांगायचं? लग्न तर होतं."

"कसलं लग्न?" चिमी म्हणाली. "तो मरतो ना खोकून."

पुस्तक तर एकच होतं. कमळने हात मागे घेतला. मग मी सगळं सांगितलं, गोंड्यापर्यंत. वेणी कुणीच ओढली नाही.

"एकटी नको जाऊस," कमळ म्हणाली. "आमी येतो घरापर्यंत."

कापलेल्या शेतातून तिघी हात धरून निघालो. ऊन डोक्यावर होतं. थोडं पुढे गेल्यावर मागे भाताची खुंटं कुरकुरली. एक पाऊल चपलेचं, एक अनवाणी. पुन्हा चपलेचं, पुन्हा अनवाणी.

चिमीची मान वळायला लागली. मी तिची वेणी धरली. "मागं बघायचं नाय."

मागून आवाज आला, एकेक शब्द वाचल्यासारखा. "मला सांगू द्या ना गो."

कमळ रडायला लागली. ढाल आणणारा माझा आवाज कुठे गेला कोण जाणे. तरी म्हणाले, "सांग हिरे. आमी ऐकतो."

तिने पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश. माझं घर आलं, मागे पडलं. आम्ही थांबलो नाही. हिरीला तिच्या दारापर्यंत पोचवायचं होतं.