सतरा नंबरच्या वळूची वासरं

मृणालिनीच्या पुढ्यात पडलेलं पत्र चार ओळींचं होतं. चाऱ्यावरच्या केरबाने जव चोरून विकला, जनावरं अर्धपोटी ठेवली, सबब त्याला कामावरून काढून मुलखाला परत धाडावं. मॅनेजर हॉलिसने हाताने लिहिलेलं ते पत्र तिने टाइप करायचं होतं.

कतारमधल्या दोह्याच्या उत्तरेच्या त्या खाजगी फार्मवर तिला तीन वर्षं झाली होती. परभणीहून पशुप्रजननात एम.एस्सी. करून, लग्नानंतर ती दोह्यातल्या मदिनत खलीफा वस्तीत आली. जाहिरात शास्त्रीय सहायकाची होती. रुजू झाल्यावर हॉलिस म्हणाला, सध्या टायपिस्टची खुर्ची रिकामी आहे. ते 'सध्या' १९८४ उजाडलं तरी संपलं नव्हतं.

मालकाला हॉटेलांसाठी वेगळं मांस हवं होतं, कापल्यावर आत चरबीच्या पांढऱ्या रेघांची बारीक जाळी दिसेल असं. त्यासाठी परदेशातून गोऱ्हे आणले. सव्वीस कापले, त्यांतले बारा आतून कोरडे लालभडक निघाले. मालकाने जाब विचारला तेव्हा हॉलिसने केरबाचं नाव सांगितलं. सगळ्या कामगारांदेखत अंगणात त्याची पेटी उपडी केली, अंथरूण झटकलं. जव सापडला नाही, पण चोर म्हणून झालं होतं.

मृणालिनी पत्र तसंच ठेवून गोठ्यात गेली. माण तालुक्यातला केरबा गव्हाण झाडत होता.

"ताई, सगळी एकाच गव्हाणीत खात्यात," तो म्हणाला. "चौदांना चारून बारांना उपाशी ठेवायचं, ते कसं जमवायचं माणसानं?"

"कापलेलं मांस तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई. खाऊ घालायचं माझं काम. कापायच्या दिवशी मी तिकडं फिरकत न्हाई."

ज्याला त्या दिवशी जनावराकडे बघवत नव्हतं, त्याने त्याच जनावराच्या तोंडचा घास विकला म्हणे. मृणालिनीला ते पटेना.

दुसऱ्या दिवशी फार्मच्या गाडीतून ती कत्तलखान्यात गेली. तिथला खाटीक अबूबकर राजापूरचा. त्याने शीतगृहातून पाठीचे दोन तुकडे काढून फळीवर मांडले.

"बाय, वरची चरबी बगा," तो म्हणाला. "दोनीकडं बोटभर. उपाशी जनावराची पाठ पयली सुकते. ही सुकलीय काय?"

सुकली नव्हती. आतून मात्र एकात जाळी होती, दुसरा विटेसारखा सपाट. म्हणजे खाणं दोघांच्याही अंगी लागलं होतं, मांसाच्या आत फक्त एकाच्या उतरलं होतं. अबूबकरने प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला तारेत ओवून ठेवला होता आणि कोरड्या बारांना लाल दोरा बांधला होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि आजवर कोणी विचारलंही नव्हतं.

ऑफिसात तिने ते नंबर खरेदीच्या कागदांशी ताडून पाहिले; प्रत्येक गोऱ्ह्याचा बाप कोणता वळू, हे त्यांत नोंदलेलं होतं. कोरडे बाराही सतरा नंबरच्या वळूचे होते. जाळीच्या चौदांत सतराचा फक्त एक. बाकीचे तेराही नऊ नंबरच्या वळूचे.

तिने तक्ता हॉलिससमोर ठेवला.

"तुमचं काम टायपिंगचं आहे," तो म्हणाला.

"चरबी करायची सूचना प्रत्येक पेशीत असते," ती म्हणाली. "स्नायूच्या आत ती कधी जागी व्हायची आणि किती, हे बरंचसं आईबापाकडून येतं. चारा तोच होता. वळू निवडताना चूक झाली, आणि वळू केरबाने निवडला नव्हता."

कोणत्या वळूंची वासरं विकत घ्यायची, ही निवड हॉलिसची होती. त्याने तक्ता दोनदा वाचला आणि केरबाचं पत्र फाडलं. पण दुसऱ्या सकाळी त्याने तिच्यापुढे मालकासाठीचा अहवाल टाकला. तक्ता तिचा, वाक्यंही तिची. सुरुवात होती 'माझ्या निरीक्षणानुसार', आणि खाली एकच नाव, हॉलिसचं. वळू कोणी निवडला, ते कुठेच नव्हतं.

तिने यंत्रावर झाकण घातलं.

"दुपारी मालकांकडे जायचाय तो," हॉलिस म्हणाला.

"जाईल. आधी अंगणात चला. जिथे चोर म्हणालात तिथे, त्याच माणसांसमोर."

"नोकरी वाचली त्याची. आणखी काय हवं?"

"ती पेटी सगळ्यांनी पाहिलीय."

दुसरा टायपिस्ट नव्हता. हॉलिस अंगणात आला आणि इंग्रजीत पुटपुटला की चूक झाली. तिने विचारलं, कोणाची. "माझी," तो म्हणाला. तिने ते मोठ्याने हिंदीत सांगितलं, मग केरबाकडे वळून मराठीत. केरबाने मान हलवली आणि डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

अहवाल तिने टाइप केला. तक्त्याखाली तीन नावं घातली: अबूबकर, केरबा आणि स्वतःचं. हॉलिसने ती शाईने खोडली. पान पुन्हा टाइप करायला तिने नकार दिला, म्हणून ते खोडलेलंच गेलं. मालक खूश झाले, दुसऱ्या वळूंचे गोऱ्हे आले, हॉलिसचा पगार वाढला.

"माणूस वाचला ना, आता सोड," तिचा नवरा म्हणाला.

"माणूस वाचला. पण खोडलेलं कसं सोडू?"

केरबा रजेवर गेला तो परत आला नाही. मृणालिनीने मार्चमध्ये खुर्ची सोडली. जाताना मालकाला तिने स्वतःच्या सहीने सविस्तर पत्र लिहिलं: वळू कोणी निवडला, बिल्ले कोणी जपले, चोर कोणाला म्हटलं गेलं. त्याचं उत्तर आलं नाही.