शेजारची सीट

थंडी पडली की उस्तादांच्या गॅरेजात शनिवारी सकाळी दुरुस्तीला गाड्या कमी आणि माणसं जास्त असायची. गॅरेज आता उस्तादांची मुलगी चालवायची, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा बरं चालवायची. पण शनिवारची सकाळ तेवढी उस्तादांनी तिच्याकडून मागून घेतली होती. मधोमध लोखंडी शेगडी, तिच्याभोवती भंगारात गेलेल्या मोटारींतून काढलेल्या चार सीटा आणि त्या सीटांवर चार म्हातारे. गुडघे, साखर, सुना वगैरे दुखणी घरी ठेवून यायची असा नियम होता. इथं बोलायचं ते मोटारींबद्दल.

"आज तीनदा चोक ओढला तेव्हा कुठे खोकली," सायरन म्हणाला. त्यानं तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती आणि भोंग्यावर मात करून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"खोकली म्हणजे जिवंत आहे," उस्ताद म्हणाले.

"माझी पहिल्या किल्लीला चालू होते," असं म्हणून मास्तरांनी दाराबाहेर नजर टाकली. मास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवली. बाहेर त्यांची छोटी लाल गाडी उभी होती आणि तिच्या काचेवरचं दव त्यांनी स्वतःच्या मफलरनं पुसलं होतं.

"तुमच्या गाडीची काय बिशाद चालू न व्हायची. छडी खाईल," सायरन म्हणाला.

हसले ते चौथे, टाकेशेठ. मोटारीच्या सीटा शिवण्यात त्यांची हयात गेली होती. म्हातारे बसले होते त्या चारही सीटांवर त्यांच्याच हातचे टाके होते, आणि ते टाके असे की कापड विरलं तरी शिवण हलायची नाही. अंगानं हा माणूस ताडमाड उंच. सीटवर बसला की गुडघे छातीपर्यंत यायचे. सीट बघून चालवणारा कसा आहे ते टाकेशेठ सांगत. कोण कचकन ब्रेक मारतो, कोण मागच्या खिशात पाकीट ठेवतो, कोण बायकोशी भांडून दाराकडे सरकून बसतो. एकदा त्यांनी एका सीटवरून माणूस लंगडा आहे हे ओळखलं होतं, आणि तो निघालाही.

पण टाकेशेठांचा खरा मान होता तो त्यांच्या गोष्टींचा. धुक्यातला घाट, पुराच्या पाण्यातून काढलेली गाडी, हातभर अंतर सोडून बोळात घातलेली रिव्हर्स. त्यातही ब्रेक गेले त्या उताराची गोष्ट दर थंडीत एकदा व्हायचीच. ती सुरू झाली की सायरनसुद्धा गप्प बसायचा.

त्या दिवशी मात्र तो गप्प बसायला तयार नव्हता. "पुढच्या शनिवारी टोपी," त्यानं जाहीर केलं. "आणि यंदा टाक्या, तू सुटायचा नाहीस."

टोपी म्हणजे त्यांची जुनी रीत. थंडीतल्या एका शनिवारी सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या उस्तादांच्या लोकरी टोपीत टाकायच्या, न बघता एकेक उचलायची, हाती येईल ती गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणायची आणि मालकाच्या तोंडावर तिचे दोष सांगायचे. स्वतःच्या गाडीचा खडखडाट स्वतःच्या कानाला गोड लागतो, तो उतरवायला हा उपाय होता. टाकेशेठांची गाडी दर वर्षी न चुकता यायची. सगळे जमायच्या आत येऊन उभी असायची. त्यांची किल्लीही टोपीत पडायची. पण दुसऱ्याची गाडी न्यायची वेळ आली की टाकेशेठांना काहीतरी व्हायचंच.

"कंबर झाली, चष्मा फुटला, मेव्हणीचं लग्न झालं. मेव्हणी तर दोनदा," सायरन बोटांवर मोजत म्हणाला. "गेल्या वर्षी दाढ. यंदा काय ते आत्ताच सांगून ठेव."

"यंदा काही नाही," टाकेशेठ म्हणाले, आणि म्हणून बसल्यावर आपण अडकलो हे त्यांना कळलं.

कारण टाकेशेठांना मोटार चालवता येत नव्हती. आजही नाही, कधीच नाही. सव्विसाव्या वर्षी एका गिऱ्हाइकाची गाडी दोन हात पुढे घ्यायला गेले ते थेट स्वतःच्या दुकानाच्या दारातून आत. माणसं वाचली, शिलाई मशीन गेलं. त्यानंतर ते पुन्हा कधी चाकामागे बसले नाहीत. घरची गाडी चालवायची ती त्यांची बायको. तिनं बेकरीची गाडी सत्तावीस वर्षं हाकली होती. पहाटेच्या अंधारात, पाव गरम असताना, गावातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात. घाट तिचा, पूर तिचा, बोळातली रिव्हर्स तिची. टाकेशेठ होते शेजारच्या सीटवर. अठरा वर्षांपूर्वी शेगडीपाशी पहिल्यांदा बसले तेव्हा बोलता बोलता 'मी' म्हणून गेले, आणि एकदा म्हटलेला मी परत कसा घ्यायचा हे त्यांना कधी सुचलं नाही. वर्षातून एकदा तीच भल्या सकाळी गाडी गॅरेजात लावून चालत घरी जायची आणि सगळे गेल्यावर येऊन घेऊन जायची. तिला वाटायचं, तेल बदलायला जाते आहे.

घरी आले तर ती अंगणात बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतत होती. जेमतेम पाच फुटांची बाई, बॉनेटखाली वाकली की मागून फक्त स्वेटर दिसायचा.

"मी आता शनिवारी जाणार नाही म्हणतो," टाकेशेठ म्हणाले.

"का? भांडलात?"

"छे. दुसऱ्याच्या गाड्या चालवायच्या म्हणतात."

"मग चालवता येत नाही म्हणून सांगा की. त्यात लाज कसली? मला शिवता येत नाही, मी सांगते." तिनं तांब्या खाली ठेवला. "आठवडाभर त्या शेगडीच्या गोष्टी पुरतात तुम्हाला. शनिवारी घरी बसून माझं डोकं खाल."

बाकीचं टाकेशेठांच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. बायकोच्या गोष्टी चोरल्या, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि उताराच्या गोष्टीत तर त्यांनी चोरीच्या वर आणखी एक केलं होतं. ते आठवलं की त्यांना रात्रीचं जेवण जाईना.

शनिवारी धुकं इतकं पडलं होतं की समोरचं फाटक दिसेना. "एवढ्या थंडीत चालत कशाला? बसा, सोडते," ती म्हणाली. टाकेशेठ बसले. कोपऱ्यावर ते म्हणाले, "इथं थांबव, मी उतरतो."

"इथं कशाला? आत नेते की."

"अगं, थांबव म्हणतो ना."

तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी थांबवली नाही. गॅरेजचं फाटक अरुंद, बाजूला टायरांचा ढीग. तिनं गाडी वळवली, मान मागे फिरवली आणि एका दमात, एकदाही पुढे न घेता, ती रिव्हर्समध्ये आत आणून शेगडीपासून चार पावलांवर उभी केली. तिघं म्हातारे आपापल्या सीटांवरून उठले. हे असं काही बघितलं की बसून राहणं त्यांना जमायचंच नाही.

टाकेशेठ खाली उतरले. पळून जायला जागा नव्हती, आणि खरं तर आता इच्छाही उरली नव्हती.

"मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हती. घाट, पूर, उतार, सगळं हिचं आहे. मी शेजारी बसलो होतो. अठरा वर्षं तुम्हाला फसवलं. झालं."

उस्तादांनी शेगडीत दोन ढलप्या टाकल्या.

"बसा आधी," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी वहिनी गाडी लावून गेल्या, तेव्हा मी वरच्या खिडकीतून बघितलं होतं."

"मला सीटवरून कळलं," मास्तर म्हणाले. "चालवणाऱ्याची सीट पार पुढे ओढलेली. मी वीत लावून मोजलं. तुमचा पाय त्या मापात बसवायचा तर गुडघ्यात अजून एक गुडघा लागेल. आणि शेजारची सीट बघा, बसून बसून खड्डा पडलाय. सीट बघून माणूस ओळखायला आम्हाला कुणी शिकवलं, टाकेशेठ?"

टाकेशेठांनी आपल्याच गाडीकडे वळून बघितलं. गावभरच्या सीटा वाचणाऱ्या माणसानं स्वतःची सीट कधी वाचली नव्हती.

"मग दर वर्षी मला छळत का होतात?" त्यांनी सायरनला विचारलं.

"नवीन कारण काय काढतोस ते ऐकायला. दाढ फार छान होती, गाल बांधून आला होतास." सायरनचा आवाज एकदम खाली आला, तो इतका खाली येतो हे कुणाला माहीत नव्हतं. "आणि यंदा म्हटलं, कारणं संपली की वहिनींना आणशील. मी तीस वर्षं गाडी चालवली, वहिनी. त्या उतारावर मी असतो तर मेलो असतो. मला तुम्हाला एकदा बघायचं होतं."

बाई अजून गाडीच्या दाराशीच उभी होती. "कुठला उतार?"

"ब्रेक गेले तो. सांगा ना, तुमच्या तोंडून ऐकू दे."

"तो होय," ती म्हणाली. "ब्रेक गेले. गियर खाली घेतले. वाळूचा ढीग होता, त्यात घातली." तिनं थोडा विचार केला. "थांबली मग."

तिघं वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही. सायरनचं तोंड असं पडलं की मास्तरांना हसू आवरेना.

"टाक्या, तू सांग," सायरन म्हणाला. "नेहमीसारखी. फक्त खरी."

"आधी एक राहिलंय," टाकेशेठ बायकोकडे न बघता म्हणाले. "माझ्या गोष्टीत गाडी मी चालवत होतो. आणि तू शेजारी बसली होतीस, पिशवी धरून. डोळे घट्ट मिटून."

"मी? डोळे मिटून?"

"गोष्टीत."

ती येऊन टाकेशेठांच्या सीटवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत. "सांगा," ती म्हणाली.

टाकेशेठ उभ्यानंच सांगू लागले. सुरुवातीला अडखळले. मग उतार लागला आणि त्यांचा आवाजही लागला. धुकं होतं, रस्ता ओला होता, पुढे कोंबड्यांचा ट्रक होता. ब्रेकवर पाय गेला तो थेट खाली. "ही मला काय म्हणाली? म्हणाली, पिशवी धरा, अंडी आहेत. मी धरली. हिनं पायातली चप्पल झटकून टाकली, म्हणजे तळव्याला पेडल नीट कळावं. तिसरा टाकला, इंजिन ओरडलं. दुसरा टाकला. हँडब्रेक एकदम ओढला असता तर मागची चाकं घसरली असती. ही एकेक दात मोजून ओढत होती आणि ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. ऐकलं तर दुकानांची नावं. पहाटे पाव टाकायची त्या क्रमानं, एकामागून एक. ट्रकच्या मागे चार हात राहिले, तेव्हा हिनं वाळूचा ढीग बघितला. तोवर मला दिसलासुद्धा नव्हता. चाक फिरवलं ते दोन बोटांनी. हँडब्रेकवरचा हिचा अंगठा पांढराफटक पडला होता, पण चाकावरची बोटं सैल होती. असं जगात कुणी चालवत असेल असं मला वाटत नाही. एक अंडं फुटलं नाही."

शेगडीतली ढलपी तडकली. सायरननं डोळे पुसले आणि धुराला शिवी दिली.

"इतकी वर्षं," बाई हळूच म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हीच डोळे मिटले होते त्या दिवशी. घाबरून. म्हणून कधी विषय काढला नाही."

"घाबरलो होतो," टाकेशेठ म्हणाले. "पण डोळे नाही मिटले. तुझ्याकडे बघत होतो."

तिनं मान खाली घातली आणि स्वेटरच्या बाहीचा निघालेला धागा उगाच ओढत राहिली. मग उस्तादांनी तिला रीत सांगितली आणि लोकरी टोपी पुढे केली. मास्तरांची किल्ली पडली, सायरनची पडली, उस्तादांची पडली. तिनं पर्समधून आपली काढून त्यात टाकली आणि न बघता हात घातला. निघाली लाल गाडीची किल्ली. मास्तरांचा चेहरा उजळला आणि लगेच काळजीत पडला.

बाई उठली. लाल गाडीपाशी जाऊन तिनं चालवणाऱ्याची सीट पार पुढे ओढली, आणि मग वाकून शेजारचं दार आतून उघडलं.

"चला," ती टाकेशेठांना म्हणाली. "परत आल्यावर सांगायला कुणीतरी हवं."