पिस्ता गिटारीची घूं घूं

सदाशिवरावांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिला चार महिने झाले आणि एवढ्या दिवसांत त्यांनी तिचं काय काय केलं नाही ते विचारा. फक्त वाजवली नाही.

गिटार देखणी होती, हे मात्र कबूल करायला पाहिजे. पिस्ता रंग, क्रोमची पट्टी, जुन्या मोटारींना असायचे तसे गोल नॉब. साठ सालच्या अस्सल गिटारी मोठे लोक काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे. ही त्याच थाटाची, पण आजची आणि स्वस्तातली. आता सदाशिवराव शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला. तीस वर्षं दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची सवय, ती घरी आल्यावर कुठं जाणार? आधी त्यांनी खुंट्या बदलल्या. मग तारा. मग नॉब बदलले, मग पहिलेच बरे दिसत होते म्हणून ते परत बसवले. पोटातून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. जेवणाच्या टेबलावर गिटारीची हाडं पसरलेली असायची आणि उमाताई ताटं मांडीवर घेऊन जेवायच्या.

एवढं करूनही एक खोड राहिलीच. सकाळी गिटार जोडून अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, लावली की तिच्यातून घूं असा आवाज निघायचा. मधे दोन-तीन सकाळी नाही निघायचा, पण त्या सकाळी नेमकी गिटार उघडून ठेवलेली असायची. घूं जात नाही तोवर वाजवण्यात अर्थ नाही, असं सदाशिवराव ज्याला त्याला सांगायचे. खरं सांगायचं तर त्यांना त्या घूंचा आधार वाटायला लागला होता. कॉलेजात असल्यापासून गिटारीचं स्वप्न पाहिलेला माणूस, त्याला आपल्याला वाजवता येत नाही हे उघडं पडायची भयंकर भीती वाटत होती. एका जुन्या गाण्याचं धृपद तेवढं त्यांनी दार लावून, अँप न लावता बसवलं होतं, तेही निम्मं.

उमाताईंचा धीर सुटला. अक्षय्य तृतीयेपर्यंत एक आख्खं गाणं ऐकवा, नाहीतर ही गिटार खुलताबादला माझ्या भाच्याला, हिमांशूला देऊन टाकते, असं त्यांनी बजावलं. उमाताई बोलल्या की करतात, हे सदाशिवरावांना पंचवीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. ते गेले रामकिसनकडे.

रामकिसनचं त्यांच्या गारखेड्यातच मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाण्याच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची, हे त्याचं काम. सोळा सालचा तो उन्हाळा. जायकवाडीनं तळ गाठलेला, शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच चाललेलं, एकेका जलवाहिनीवर नव्या नव्या सोसायट्या चढत होत्या. नळ दर चौथ्या दिवशी पाऊण तास यायचा, आणि पाण्याऐवजी हवा ओढून ओढून लोकांच्या मोटारी जळायच्या. रामकिसनला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. पण त्याच्याकडे बेस गिटार होती. तीही जुन्या थाटाची, तीही स्वस्तातली, लाल. बारा वर्षं तो चौदा एप्रिलला गायनपार्टीत ती वाजवत आलेला. रंगाचे टवके उडालेले, एक नॉब कुठं पडला त्याचा पत्ता नाही, तिथं त्यानं पेनाचं टोपण बसवलेलं. सदाशिवराव ती बघून दर वेळी हळहळायचे. त्यांनी टोपण बदलायचा आग्रह धरला की रामकिसन म्हणायचा, फिरतंय ना, बस झालं.

रामकिसन एका सकाळी सहाला बेस आणि गायनपार्टीचा बॅटरीवरचा छोटा अँप घेऊन घरी आला. नळाचाच दिवस होता. आधी बेस लावली. गप्प. मग पिस्ता गिटार लावली. घूं. सदाशिवरावांचं तोंड एवढंसं झालं. रामकिसननं समजावलं, बेसच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या त्या डब्यात, तारेची दोन वेटोळी आहेत, ती एकमेकांची घूं मारतात. तुमच्या डब्यात वेटोळं एकच. म्हणजे खोट गिटारीत नाही, आसपास काहीतरी चालू आहे.

"काय चालू आहे?" सदाशिवरावांनी विचारलं.

रामकिसन उगीच छताकडं बघायला लागला. "ते मी नाय सांगणार, साहेब. तुमीच गिटार घेऊन जरा हिंडा."

सदाशिवरावांनी अँप खांद्याला अडकवला, गिटार गळ्यात घातली आणि लुंगीवरच गल्लीत आले. गिटार या अंगाला वळवली की आवाज कमी, त्या अंगाला वळवली की जास्त. एका फाटकाशी नुसती गुणगुण, दुसऱ्याशी चांगलाच घोगरा सूर. सदाशिवराव रंगात आले. सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून ते तळहातावर घर नंबर आणि आवाज लिहायला लागले. एवढं करूनही हा आवाज कसला, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

शिरलं ते मालनबाईंच्या. निवृत्त मुख्याध्यापिका, घर गल्लीच्या टोकाला. नळाच्या दिवशी त्या चार रिकाम्या बादल्या मांडून बसायच्या आणि त्यांच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसायची. नळाला मोटार लावणार नाही, अशा कागदावर सगळ्या गल्लीनं सह्या केल्या होत्या. तरी पाणी वाटेत कुठं जातं ते कुणाला दिसत नव्हतं. मालनबाई उठल्या, पदर खोचला आणि सदाशिवरावांना म्हणाल्या, "चला, प्रत्येक दारात वाजवा."

मग काय, वरातच निघाली. पुढं गिटार, मागं मालनबाई, त्यांच्या मागं दात घासता घासता आलेली माणसं. तो सह्यांचा कागद ज्यांनी फिरवला त्या आप्पासाहेबांच्याच फाटकाशी गिटार अशी बोंबलली, की ते स्वतःच आत जाऊन बटण बंद करून आले आणि मोटार कालच पाव्हण्यांनी आणून ठेवली म्हणाले. तीन घरी कपड्यांच्या ढिगाखाली, एका घरी तुळशीमागं, अशा मोटारी निघाल्या. रामकिसन सगळ्यांत मागं, मान खाली घालून चालत होता. त्या सगळ्या मोटारी गोणपाटात गुंडाळून त्याच्याच दुकानी येऊन गेल्या होत्या, पण गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही हा त्याचा नेम.

सगळ्या मोटारी बंद झाल्या आणि तरी गिटार घूं करतच होती. मालनबाईंच्या तोटीतून करंगळीएवढी धार लागली होती. सदाशिवराव आवाजामागं निघाले. आवाज वाढत गेला. ते एका फाटकातून आत शिरले, व्हरांडा ओलांडला, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि न्हाणीघराच्या दारात त्यांना कळलं की हे आपलंच घर आहे. वॉशिंग मशीनच्या मागं, पालथ्या टबाखाली, मोटार थरथरत होती. शेजारी उमाताई उभ्या.

बाहेर फाटकाशी गर्दी माना उंचावून बघत होती. सदाशिवरावांची कानशिलं तापली. चार महिने गिटारीची आतडी काढली, आणि खोट आपल्याच न्हाणीत.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" उमाताई रागानं आणि लाजेनं म्हणाल्या. "चार महिने स्क्रू फिरवताय. घरात पाणी कुठून येतं, कोण भरतं, एकदा तरी विचारलंत?"

उमाताईंनी हात लांब करून स्वतःच बटण बंद केलं, आणि बाहेर येऊन मालनबाईंना म्हणाल्या, माझं चुकलं, बाई.

गिटार गप्प झाली. अँपचा लाल दिवा चालू, आणि आवाज म्हणून काही नाही. गल्लीच्या टोकाला बादलीत पाणी पडायला लागलं, तशी सगळी गर्दी आपापल्या हंड्यांकडं पळाली. मालनबाईसुद्धा पळाल्या. व्हरांड्यात उरले तिघं, नवरा-बायको आणि रामकिसन. आता न वाजवण्याला सांगायला कारण उरलं नव्हतं, हे सदाशिवरावांना कळत होतं आणि उमाताईंनाही कळत होतं.

नळ जायला अजून दहा मिनिटं होती. तरी उमाताई पायरीवर बसल्या. पाणी आलेलं असताना त्यांना बसलेलं सदाशिवरावांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिलं.

रामकिसननं बेस घरातल्या अँपला लावून एक सूर धरला आणि वाट बघत राहिला. सदाशिवरावांनी गिटारीवर बोटं ठेवली. धृपदाची पहिली ओळ निघाली, दुसरी अर्धी निघाली, आणि मग बोट भलत्याच तारेवर पडलं. ते थांबले. मान वर करायचा धीर होईना.

"चुकलं," उमाताई म्हणाल्या. "पहिल्यापासून घ्या. मी बसलेय."