दोनदा फिरवलेल्या रेघा

सरांच्या घरात लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आणि ढगाचा नकाशा दर्शनी भिंतीवर. यावरून काय ते समजा. ताऱ्यांमधल्या काळोखात पसरलेला वायूचा एक लांबट ढग, आणि त्यावर सरांनी हाताने काढलेल्या बारीक रेघा. चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेने जातं, ते या रेघा सांगतात. त्यांच्या बाजूबाजूने वायू सहज घसरतो, त्यांना ओलांडणं मात्र त्याला जड जातं. सरांच्या रेघा ढगाच्या लांबीने धावत होत्या. म्हणजे बाजूचा वायू आत येणार नाही, इथे तारे जन्मणार नाहीत. या निष्कर्षावर सरांचं नाव झालं होतं.

आणि तोच चुकला होता. त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीला हे चार दिवसांपूर्वी कळलं, आणि आज ते सांगायला ती सरांच्या दारात उभी होती.

"हे कालच दवाखान्यातून आलेत, जरा जपून बोल गं," सरांच्या पत्नीने, काकूंनी, दारातच बजावलं.

मग काय, ताकाला जाऊन भांडं लपवणं सुरू झालं. ती हवेवर बोलली, औषधांवर बोलली. शेवटी सरच म्हणाले, "पोरी, माझ्या नकाशाकडे पाठ करून तू आजवर कधी बसली नाहीस. बोल."

"सर, ढगातल्या धुळीच्या प्रकाशावरून मोजलेली रेघ चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असते, म्हणून ती फिरवावी लागते. पण दुर्बिणीच्या प्रोग्रॅमने ती आधीच फिरवली होती. तुम्ही पुन्हा फिरवलीत, ती होती तिथेच परत आली." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

सरांनी मान वळवून नकाशाकडे पाहिलं. "म्हणजे रेघा ढगाला आडव्या. वायू दोन्हीकडून आत येतोय."

"हो सर. तारे होतील तिथे. सावकाश, पण होतील."

"खात्री म्हणून फिरवल्या गं मी. अति तिथे माती!" सर चक्क हसले. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"मग फ्रेमच आडवी टांगा की," त्या म्हणाल्या.

"अगं, मग ढगही फिरेल ना!" मग ते तिच्याकडे वळले. "दुरुस्तीवर माझं नाव आधी घाल. चूक माझी आहे, ती मीच सांगणार."

त्यांनी फ्रेम उतरवायला लावली, काच काढली आणि प्रत्येक जुन्या रेघेवर एक आडवी रेघ काढू लागले. पहिलीच रेघ वाकडी गेली. तिने न विचारता पट्टी धरली. एकेक रेघ अधिकचं चिन्ह होत गेली.

अर्ध्या ढगापाशी सर थांबले आणि पेन तिच्या हातात दिलं. "उरलेल्या तू काढ. पट्टी मी धरतो."